घाट, पाणी आणि आपली छोटी गाडी : बिघाड झाल्यावर पहिली दहा मिनिटं काय करायचं?

कर्जत, नेरळ, चौक, खालापूर, खोपोली या आपल्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत घरोघरी छोट्या गाड्या आल्या. कुणाकडे अल्टो, कुणाकडे वॅगनआर, कुणाकडे जुनी सॅन्ट्रो. बहुतेक सेकंडहँड घेतलेल्या आणि बऱ्याचशा सीएनजीवर चालणाऱ्या. अम्मी-अब्बांना दवाखान्यात न्यायचं, पनवेल-कल्याणला शादीला जायचं, मुलांना परीक्षेला सोडायचं, सगळं त्याच गाडीवर. माशाअल्लाह, सोय झाली. पण गाडी रस्त्यात बंद पडली की आपण घाबरतो आणि घाबरून जे करतो त्यानेच जास्त नुकसान होतं.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये शाळेतून घरी येताना एका सखल रस्त्यावर पाणी साचलं होतं. पुढची जीप गेली म्हणून मीही वॅगनआर घातली. मध्येच गाडी बंद पडली. मागून हॉर्न वाजायला लागले, मागच्या सीटवर अम्मी कलमा पढायला लागली. मी घाईघाईने किल्ली फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी आतून 'खट्‌' असा आवाज आला आणि इंजिन जाम झालं. मेकॅनिकने नंतर सांगितलं, "बाजी, बंद पडली तेव्हा काहीच झालं नव्हतं. किल्ली फिरवली तेव्हा झालं."

तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे. छोट्या गाडीचा बिघाड बहुतेक वेळा छोटाच असतो. तो मोठा होतो आपल्या पुढच्या दहा मिनिटांमुळे. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न घेऊन ती दहा मिनिटं कशी घालवायची ते पाहू.

पाण्यात गाडी बंद पडली तर?

पहिलं उत्तर : पुन्हा स्टार्ट करू नका. एकदाही नाही.

कारण समजून घ्या. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो आणि हवा-इंधनाचं मिश्रण दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवा ओढणाऱ्या पाइपातून पाणी आत गेलं असेल आणि तुम्ही सेल्फ मारला, तर पिस्टन पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. मग पूर्ण इंजिन खोलावं लागतं.

म्हणून किल्ली बंद करा, माणसं सुरक्षित बाहेर काढा, गाडी न्यूट्रल करून ढकलत कोरड्या जागी आणा. शक्य असेल तर बॅटरीची मायनसची वायर काढून ठेवा. गाडी टो करून गॅरेजला न्या. तिथे प्लग काढून पाणी बाहेर काढतात, एअर फिल्टर आणि ऑइल बदलतात. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

इथे विम्याचीही गोष्ट आहे. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सक्तीचा आहे, पण तो फक्त समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो. कम्प्रिहेन्सिव पॉलिसीत पुराने झालेलं आपल्या गाडीचं नुकसान येतं. मात्र पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करायला गेल्यामुळे झालेलं नुकसान कंपन्या सहसा देत नाहीत. माझाही दावा याच कारणाने नाकारला गेला. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन' नावाचं वेगळं ॲड-ऑन असतं. आपल्या भागात राहणाऱ्याने पॉलिसी रिन्यू करताना ते विचारावं आणि त्याच्या अटीही वाचाव्यात.

आणि मुळात पाण्यात गाडी घालायची की नाही? पाणी चाकाच्या मधल्या नटांपर्यंत पोचत असेल तर घालू नका. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी बाजूला सरकू शकते. उल्हास नदीचं पाणी काय करू शकतं हे २७ जुलै २०१९ ला सगळ्यांनी पाहिलं. नेरळच्या पुढे, वांगणी-बदलापूरच्या मधे, अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली होती आणि बोटी आणून प्रवाशांना काढावं लागलं. रेल्वेची ती गत, तर आपल्या अल्टोची काय कथा? तासभर थांबा. उशीर परवडतो.

घाटात गाडी गरम झाली तर?

आपल्या कर्जत स्टेशनवर एक गोष्ट आपण लहानपणापासून पाहतो. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. बोरघाटातला रेल्वेचा चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. एवढ्या ताकदीच्या रेल्वेलाही तिथे मागून धक्का लागतो. आता आपल्या गाडीचा हिशेब करा. एक लिटर इंजिनाची वॅगनआर पेट्रोलवर सुमारे ६७ अश्वशक्ती देते आणि सीएनजीवर साधारण ५७. वर पाच मोठी माणसं, मांडीवर दोन मुलं, डिकीत बिर्याणीचं पातेलं आणि एसी चालू. सुट्टीच्या दिवशी घाटात ट्रॅफिक, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये रांगत जायचं. इंजिन गरम होणारच.

टेंपरेचरचा काटा लालकडे गेला किंवा लाल दिवा लागला तर :

१. एसी लगेच बंद करा. हीटर फुल करा आणि काचा उघडा. हीटर इंजिनाची उष्णता बाहेर ओढतो. घाम येईल, पण इंजिन वाचेल.

२. रुंद, सुरक्षित जागा पाहून डाव्या बाजूला थांबा. इंडिकेटरचे चारही दिवे लावा. माणसांना रस्त्याच्या कठड्यापलीकडे, गाड्यांपासून लांब उभं करा.

३. इंजिन बंद करा. वाफ येत नसेल तर बॉनेट उघडा. रेडिएटरचं झाकण मात्र अजिबात उघडू नका. आत उकळतं पाणी दाबाखाली असतं. झाकण उघडताच ते तोंडावर उडतं आणि माणूस भाजतो.

४. किमान अर्धा तास थांबा. थंड झाल्यावर कूलंटची पांढरट टाकी पाहा. पातळी 'मिनिमम'च्या खाली असेल तर कूलंट टाका. नसेल तर साधं पाणी चालेल, पण पुढे गॅरेजमध्ये कूलंट भरून घ्या आणि गळती कुठे आहे ते शोधा.

"थोडंच राहिलंय, लोणावळ्याला पाहू" असं म्हणून पुढे गेलात तर हेड गॅस्केट जळतं, हेड वाकतं. शेदोनशेच्या पाइपचं काम काही हजारांवर जातं.

घाट उतरताना जळका वास आला तर?

उतरताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं, किंवा त्याहून वाईट, इंजिन बंद करणं. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर संपते. पॅडल दगडासारखं होतं आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

जुन्या ड्रायव्हरांचा नियम लक्षात ठेवा : ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवला की इंजिनच गाडीला रोखून धरतं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, दाबायचा आणि सोडायचा. सतत दाबलेला ब्रेक इतका तापतो की पुढे तो धरतच नाही. दस्तुरी नाक्याहून नेरळला उतरताना सात-आठ किलोमीटरची वळणं आहेत. तिथे हा फरक लगेच कळतो.

वास आला किंवा पॅडल मऊ लागलं तर खालचा गिअर घ्या, वेग कमी करा आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकामागे दगड लावा. वीस-तीस मिनिटं थंड होऊ द्या. गरम ब्रेकवर पाणी ओतू नका, डिस्क वाकते किंवा तडकते.

चढताना तोच वास आला तर तो बहुधा क्लचचा असतो. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय सोडा, हँडब्रेक वापरा. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, असं झालं तर क्लच प्लेट संपत आली समजा. अशा गाडीने घाट चढू नका.

सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टकटक

बॅटरी उतरली. हेडलाइट मंद लागतात का पाहा. आधी बॅटरीची टोकं पाहा. त्यावर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर गाडी बंद असताना गरम पाण्याने साफ करून नट घट्ट करा. पुष्कळदा एवढ्यानेच गाडी सुरू होते.

जंपर केबल लावायची असेल तर लाल वायर प्लसला प्लस. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडी भागाला. उलटं लावलंत तर गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो. धक्का स्टार्ट फक्त साध्या गिअरच्या गाडीला, दुसऱ्या गिअरमध्ये. ऑटो गिअरच्या गाडीला धक्का मारून उपयोग नाही.

बॅटरी चांगली असूनही गाडी सुरू होत नसेल तर बॉनेट उघडून वायर पाहा. आपल्याकडे भातशेतीच्या कडेला गाडी उभी असते आणि पावसात उंदीर ऊब शोधत इंजिनात शिरतात. कुरतडलेली वायर दिसली तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, शॉर्ट होऊन आग लागू शकते.

सीएनजीचे प्रश्न

"सीएनजी आहे, मग पेट्रोल कशाला?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि मग सीएनजीवर जातात. टाकी कोरडी ठेवली तर पेट्रोल पंप खराब होतो. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा आणि रोज दोन-चार किलोमीटर पेट्रोलवर चालवा. घाटात गाडी दम टाकत असेल तर तेवढ्यापुरतं पेट्रोलवर करा.

गॅसचा वास आला तर गाडी मोकळ्या जागी थांबवा, इंजिन बंद करा, दारं-काचा-डिकी उघडा, सगळ्यांना उतरवा. सिलिंडरवरचा हाताने फिरवायचा वॉल्व्ह बंद करा. तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक ड्रायव्हरला आजच दाखवून ठेवा. त्या वेळी लाइटचं बटण किंवा लायटर नको.

सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करणं बंधनकारक आहे. सेकंडहँड गाडी घेताना तिचं प्रमाणपत्र मागा, आणि किट बाहेरून बसवलं असेल तर आरसी बुकवर त्याची नोंद आहे का पाहा. नोंद नसेल तर अपघातात विम्याचा दावा अडकतो.

समोरचे दिवे काय सांगतात?

मुलांना मी शाळेत सिग्नल शिकवते, तोच नियम इथे. लाल म्हणजे थांबा. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा चालताना लागला तर ताबडतोब इंजिन बंद करा. ऑइलशिवाय इंजिन काही मिनिटांत जाम होतं. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर हळू गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल तर थांबा. हिरवा-निळा दिवा फक्त माहिती देतो.

निघण्याआधी पाच गोष्टी

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो टायर कायद्यानेही बाद. टायरवर चार आकडे असतात. २३२० म्हणजे २०२० सालचा तेविसावा आठवडा. सेकंडहँड गाडी घेताना हे जरूर वाचा. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, स्टेपनीतही भरा. वायपरची रबरं दर जूनला बदला. काचेवर आतून वाफ धरली तर एसी लावून हवा पुढच्या काचेकडे वळवा. आणि कूलंट, ऑइल गाडी थंड असताना पाहा.

शेवटची गोष्ट माणसांची. पाच जणांच्या गाडीत आठ जण बसवणं म्हणजे पाहुणचार नव्हे. ब्रेक आणि टायर तेवढ्या वजनासाठी बनवलेलेच नाहीत. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे, मुलं मांडीवर नकोत. शादीला दोन खेपा झाल्या तर झाल्या.

गाडीत ११२ आणि १०८ हे नंबर लिहून चिकटवा. गाडी बंद पडली तर बिस्मिल्लाह म्हणा, सबर करा, किल्लीवरचा हात काढा आणि आधी विचार करा. माझी अम्मी आता पाणी दिसलं की कलमा नंतर पढते. आधी म्हणते, "बेटा, सेल्फ मत मारना."