घरबसल्या सेल्सची नोकरी, पण सिमकार्ड कुणाचं?

‘वर्क फ्रॉम होम! टेलिकॉलर पाहिजेत, महिन्याला ३०,००० पर्यंत कमवा.’ अशी जाहिरात तुमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर आली असेल. सेलू, जिंतूर किंवा गंगाखेडमध्ये राहून पुण्या-मुंबईच्या कंपनीसाठी कर्ज, विमा, ऑनलाइन कोर्स विकायचे. ना रूमभाडं, ना मेसचा खर्च. ऐकायला भारीच वाटतं.

यातला ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचा. मूळ पगार थोडा किंवा शून्य, बाकी सगळं कमिशन, असा बऱ्याचदा हिशोब असतो. ग्राहकाने ‘नको’ म्हटलं की दिवसभराची बडबड फुकट. रिचार्ज आणि हेडफोन तुमचेच. मे महिन्यात परभणीचा पारा ४२ च्या वर जातो, त्यात लाईट गेली की वायफायही जातं. टार्गेट मात्र तेवढंच राहतं.

हे सगळं एक वेळ सहन होईल. खरी मेख सिमकार्डात आहे.

ट्रायच्या नियमानुसार जाहिरातीचे कॉल नोंदणीकृत टेलिमार्केटरनेच, १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचे असतात. साध्या दहा अंकी नंबरवरून असे कॉल करायला परवानगी नाही. तरी कंपनी सांगते, ‘तुमच्याच नंबरवरून करा.’ वैतागलेला ग्राहक १९०९ वर तक्रार करतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम आणखी कडक झाले. आता १० दिवसांत ५ तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्यांदा दोषी ठरलात तर १५ दिवस आउटगोइंग बंद. पुन्हा तेच केलं तर एक वर्षासाठी कनेक्शनच बंद, आणि तेही सगळ्या कंपन्यांचं.

आता विचार करा, त्याच नंबरवर बँकेचा ओटीपी येतो. घरातल्यांच्या पीक विम्याचा आणि महाडीबीटीचा मेसेजही बऱ्याचदा तिथेच येतो. तक्रार तुमच्या नंबरवर होते, त्यामुळे कंपनी नामानिराळी राहते.

म्हणून मुलाखतीत पगाराच्या आधी विचारा: कॉल कोणत्या नंबरवरून करायचे? कंपनीने सिम किंवा डायलर द्यायला हवा. नियुक्तीपत्र मागा, त्यात मूळ पगाराचा आकडा आहे का ते बघा. पीएफ नाही आणि टीडीएस ‘कमिशन’ म्हणून कापला जातोय, तर कंपनीच्या कागदावर तुम्ही बहुधा कर्मचारी नाही, एजंट आहात. आणि रुजू होण्याआधी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली तर फोन ठेवून द्या. पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.