वेबनिर्मितीचे स्वाध्ययन आणि पहिली नोकरी : भाषाध्ययनाच्या दृष्टीने एक विचार

वेबसाइट घडविण्याची विद्या कोणत्याही महाविद्यालयात न जाता स्वतःच शिकावी आणि तिच्या बळावर पहिली नोकरी मिळवावी, असा प्रयत्न करणारे तरुण आज पुष्कळ आहेत. त्यांत विज्ञानशाखेचे विद्यार्थी आहेत, तसेच मराठी माध्यमातून शिकलेले कलाशाखेचे पदवीधरही आहेत. प्रस्तुत लेखात ह्या प्रयत्नाचा विचार भाषाध्ययनाच्या अंगाने करावयाचा आहे. त्याचे कारण उघड आहे. जी विद्या येथे संपादन करावयाची ती प्रथमतः तीन कृत्रिम भाषांची विद्या होय. आणि नवी भाषा शिकणारा मनुष्य कोठे अडतो व का अडतो, ह्याविषयी भाषाशास्त्राजवळ सांगण्यासारखे काही निश्चित आहे.

लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : स्वाध्यायी विद्यार्थी बहुधा आकलनाच्या पायरीवर दीर्घकाळ थांबतो आणि त्या आकलनालाच ज्ञान समजतो, नोकरी देणारा मात्र निर्मिती आणि विवरण ह्या दोन शक्तींची परीक्षा घेतो. हे अंतर कसे भरून काढावे, हा खरा प्रश्न होय.

१. तीन भाषा व त्यांचे स्वरूप

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत मांडली. १९९१ मध्ये ती संस्थेबाहेरील लोकांस खुली झाली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने तिचे तंत्र सर्वांस विनामूल्य वापरू देण्याचे जाहीर केले. ह्या खुलेपणाचा लाभ आजच्या विद्यार्थ्यासही मिळतो. वेबवरील कोणतेही पान ज्या मजकुरापासून ब्राउझरने उभे केले, तो मजकूर उघडून वाचता येतो. इतर फारच थोड्या व्यवसायांत नवशिक्यास असे दुसऱ्याच्या कामाचे आतले अंग पाहावयास मिळते.

पहिली भाषा एचटीएमएल. मजकुराचा कोणता भाग शीर्षक, कोणता परिच्छेद, कोणता दुवा, हे ती सांगते. वाक्यातील प्रत्येक पदास त्याचे कार्य लावून दाखविणारा वैयाकरण जे करतो, त्याच्याशी हे काम बरेच जुळते. दुसरी भाषा सीएसएस; तिची मूळ सूचना होकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये केली. ती भाषा केवळ रूप ठरविते : रंग, आकार, अंतर, मांडणी. तिसरी जावास्क्रिप्ट, ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत ती रचली. पानावरील क्रिया तिच्या स्वाधीन असतात. पहिल्या दोहोंत वर्णन आहे, तिसरीत विधी आहे. आणि विद्यार्थ्याची खरी कसोटी ह्या तिसरीत लागते.

ह्या भाषांत एक भेद असा आहे की त्याकडे शिकविणाऱ्यांचे पुरेसे लक्ष जात नाही. एचटीएमएल वाचताना ब्राउझर चुका सोसून घेतो. अक्षरे मोठी दिसावीत एवढ्याचसाठी कोणी साध्या वाक्यास शीर्षकाची खूण लावली, अथवा दोन खुणा उलटसुलट क्रमाने बंद केल्या, तरी पान दिसते. हा सैलपणा काढून टाकण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. २००० साली एक्सएचटीएमएल हे काटेकोर रूप प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच्या कडक वाचनात एक खूण चुकली तरी पानाऐवजी दोषसूचना दिसे. लेखकवर्गाने ती शिस्त मानली नाही. २००९ मध्ये त्या दिशेचे पुढील काम थांबविण्याचे ठरले, आणि २०१४ च्या एचटीएमएल-५ ह्या प्रमाणात तर चुकलेला मजकूर ब्राउझरने कसा सावरून घ्यावा ह्याचेच नियम घालून दिले गेले. व्यवहारापुढे व्याकरणाने नमते घेतल्याचे हे उदाहरण भाषेच्या अभ्यासकास अपरिचित वाटणार नाही.

परंतु विद्यार्थ्याच्या दृष्टीने ह्या औदार्याची किंमत मोठी आहे. परप्रांतीयाचे मोडके मराठी समजून घेणारा आणि कधीही न सुधारणारा श्रोता जसा त्याच्या चुका पक्क्या करतो, तसा ब्राउझर नवशिक्याच्या चुका पक्क्या करतो. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये अशा गोठलेल्या चुकांस अश्मीभवन हे नाव दिले. शीर्षकाची खूण चुकीच्या जागी लावल्याने डोळस वाचकाचे काही बिघडत नाही. पण पान ऐकून वाचणाऱ्या अंध वाचकाची वाट चुकते. यास्तव वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या विनामूल्य तपासणीसेवेतून आपले प्रत्येक पान काढून घेण्याची सवय आरंभापासूनच लावणे अगत्याचे आहे.

जावास्क्रिप्टचे वागणे ह्याच्या उलट आहे. एक कंस बंद करावयाचा राहिला की लिपीबद्ध केलेला सारा विधी ठप्प होतो. पहिले काही आठवडे सुखाने चाललेला विद्यार्थी येथे एकाएकी हताश होतो, आणि आपल्यात ह्या विद्येची पात्रताच नाही असे मानू लागतो. वस्तुतः त्याची पात्रता बदललेली नसते. श्रोता बदललेला असतो.

२. आकलन व निर्मिती

कॅनडातील इंग्रजीभाषी मुलांना शालेय विषय फ्रेंचमधून शिकविणाऱ्या शाळांचा अभ्यास मेरिल स्वेन यांनी केला. १९८५ साली त्यांनी दाखवून दिले की, अनेक वर्षे विपुल फ्रेंच ऐकून व वाचून ह्या मुलांचे आकलन उत्तम झाले, तरी त्यांचे बोलणे-लिहिणे त्या मानाने मागे राहिले. समजण्यासाठी अर्थाचा अंदाज पुरतो. बोलण्यासाठी रूप निश्चित करावे लागते. ऐकणारा प्रत्ययाकडे दुर्लक्ष करू शकतो, बोलणाऱ्यास ती मुभा नाही.

स्वाध्यायी विद्यार्थ्याची स्थिती नेमकी अशीच होते. चित्रफितीतील शिक्षक ओळीमागून ओळ लिहितो. प्रत्येक ओळ पटते. शेवटी पान तयार होते. विद्यार्थी पुढच्या पाठाकडे वळतो. महिन्यांनंतर कोरी फाइल समोर ठेवून तेच पान करावयास सांगितले, तर पहिली ओळ सुचत नाही. ह्या अवस्थेस शिकणाऱ्यांच्या बोलीत ‘ट्युटोरियल हेल’ असे नाव पडले आहे. आणखी पाठ पाहणे हा तिच्यावरील उपाय नव्हे. पाठ संपल्यावर तो बंद करून दुसऱ्या दिवशी तेच काम कोऱ्या फाइलीपासून करावे. ते साधल्यावर त्यात एक अट बदलावी. आणि अखेरीस जिचा पाठ कोठेच उपलब्ध नाही अशी वस्तू घडवावी. अनुकरण, रूपांतर आणि स्वतंत्र रचना हा क्रम आपल्या जुन्या भाषाशिक्षणासही मान्यच होता.

साधनांची उणीव मात्र आज नाही. ब्राउझरनिर्मात्या मोझिला संस्थेने चालविलेला एमडीएन हा संदर्भग्रंथ, २०१४ पासून चालू असलेला फ्रीकोडकॅम्पचा अभ्यासक्रम, तसेच ओडिन प्रोजेक्ट ही सर्व विनामूल्य आहेत. ह्यांपैकी एक निवडून तो तडीस नेणे, पाच आरंभून पाचही अर्धे सोडण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

३. इंग्रजीचा प्रश्न

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास सर्वात मोठी धास्ती इंग्रजीची असते. तिचे पृथक्करण करून पाहिले पाहिजे. कोडमधील इंग्रजी अत्यल्प आहे. एचटीएमएलमधील खुणांची नावे शंभराहून किंचित अधिक. जावास्क्रिप्टमधील राखीव शब्द चाळिसाच्या आसपास. एवढे शब्द कोणासही पाठ होतील. इतकेच नव्हे, तर जावास्क्रिप्टमध्ये चलांना देवनागरी नावेही देता येतात : ‘एकूण’ किंवा ‘किंमत’ असे लिहिले तरी विधी चालतो. सरावात मराठी नावे जरूर वापरावीत. अर्थ स्पष्ट राहतो. कार्यालयातील सामायिक कोडमध्ये मात्र इंग्रजी नावांची रीत आहे, तिला वळण द्यावेच लागते.

खरी अडचण आहे ती कोडभोवतीच्या इंग्रजीची, विशेषतः दोषसूचनांची. ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइंड’ ही सूचना घ्या. तिचा अर्थ : ज्याला मूल्यच प्राप्त झालेले नाही, त्याचा गुणधर्म तुम्ही मागत आहात. ही सूचना जेथे उमटते तेथे दोष असतोच असे नाही. बहुधा आधीच्या एखाद्या ओळीत नावाचे स्पेलिंग चुकलेले असते आणि त्याचा परिणाम पुढे प्रकट होतो. म्हणजे केवळ भाषांतर पुरत नाही, कार्यावरून कारणाकडे जावे लागते. शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या मनातील नियमांचा पुरावा होय, असे पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये प्रतिपादन केले होते. ह्यासाठी दोषांची वही ठेवणे हा उत्तम मार्ग : डावीकडे मूळ सूचना, मध्ये मराठी अर्थ, उजवीकडे सापडलेले कारण. अशी वही भरत गेली की तेच थोडे साचे पुन्हा पुन्हा येतात हे ध्यानात येते. तांत्रिक इंग्रजी ही साहित्यिक इंग्रजी नव्हे. वर्तमानकाळ, आज्ञार्थ आणि संकेतार्थ एवढ्यांवर तिचा बहुतेक संसार चालतो.

४. एक उदाहरण : मराठी शब्दसूची

स्वतंत्र रचनेसाठी विषय कोणता घ्यावा? कामांची यादी, गणकयंत्र, हवामानाचे पान हे विषय इतके रुळले आहेत की त्यांवरून परीक्षकास काही कळत नाही. भाषेच्या पदवीधराजवळ ह्याहून चांगला विषय आहे. एक लहान मराठी शब्दसूची घ्या आणि ती पानावर अकारविल्हे दाखवा.

‘कवच’, ‘कस’, ‘कळ’ हे तीन शब्द ह्याच क्रमाने मराठी कोशात येतात, कारण आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर आहे. जावास्क्रिप्टच्या साध्या क्रमवारीत मात्र ‘कळ’ प्रथम येतो. कारण असे की, युनिकोडमध्ये देवनागरी वर्णांना जे क्रमांक आहेत, त्यांत ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, आणि ती क्रमवारी केवळ क्रमांक पाहते. मग भाषेचे नाव सांगून तुलना करण्याची जी सोय जावास्क्रिप्टमध्ये आहे, ती शोधून काढावी लागते आणि तिचा निकाल छापील कोशाशी ताडून पाहावा लागतो. तसेच ‘क्षितिज’ शब्दाची लांबी विचारली असता उत्तर सात येते : क, हलन्ताची खूण, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. वाचकास त्यात तीनच अक्षरे दिसतात. अक्षर म्हणजे काय, हा भाषाशास्त्राचा प्रश्न येथे प्रोग्रॅमचा प्रश्न होऊन उभा राहतो.

हे काम आकाराने लहान आहे. पण ते करणाऱ्यास एक दोष दिसला, त्याचे कारण सापडले, उपाय योजला व पडताळला, एवढे सर्व त्यात येते.

५. पहिली नोकरी

मोठ्या कंपन्या नवागतांची भरती पुष्कळदा महाविद्यालयांतून करतात आणि विशिष्ट पदवीची अट घालतात. म्हणून स्वाध्यायी उमेदवारास बहुधा लहान कंपन्या, उमेदवारीच्या जागा, अथवा एखाद्या दुकानाचे, शाळेचे किंवा ग्रंथालयाचे काम ह्या वाटेने आत शिरावे लागते. हे कमीपणाचे नाही. खऱ्या ग्राहकासाठी केलेले एक पूर्ण काम सरावाच्या दहा पानांहून अधिक बोलते. नोकरी देण्यासाठी उलट उमेदवाराकडूनच पैसे मागणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे.

अर्जासोबत दोन-तीन पूर्ण कामे पुरेत. त्यांचा बदलांचा इतिहास गिटमध्ये असावा. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेले हे साधन आज जवळजवळ सर्वत्र वापरले जाते. हस्तलिखिताच्या निरनिराळ्या प्रतींवरून पाठचिकित्सक जसा पाठाचा प्रवास शोधतो, तसा परीक्षक ह्या इतिहासावरून उमेदवाराची विचारसरणी वाचतो. एका रात्रीत चढविलेले सारे काम आणि महिनाभर लहान पायऱ्यांनी वाढलेले काम ह्यांतील फरक त्यास तत्काळ दिसतो.

मुलाखतीत प्रायः तीन गोष्टी होतात : एक लहानसा प्रश्न समोर सोडवावयास देतात, स्वतःच्या कामातील एखादी ओळ का लिहिली हे विचारतात, आणि त्यात एक बदल करावयास सांगतात. दुसरी व तिसरी गोष्ट अलीकडे अधिक महत्त्वाची झाली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि तेव्हापासून बरे दिसणारे पान यंत्राकडून लिहवून घेणे कोणासही सुलभ झाले. त्याच सुमारास अनेक मोठ्या कंपन्यांनी नोकरकपातही केली. पान तयार आहे एवढ्यावरून उमेदवाराविषयी आता थोडेच सिद्ध होते. यंत्राने लिहिलेले प्रत्येक वाक्य ज्यास स्वतः उलगडून सांगता येते, त्यास यंत्र साहाय्यक ठरते. ज्यास ते येत नाही, तो पुन्हा आकलनाच्याही खालच्या पायरीवर, नुसत्या नकलेवर, येऊन पोहोचतो. विवरणाचा सराव म्हणून आपले काम आधी मराठीत एखाद्या अनभिज्ञ मित्रास समजावून सांगावे, आणि मग तेच पाच वाक्यांत इंग्रजीत लिहून काढावे.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, ह्या विद्येत मराठी माध्यमाच्या व कलाशाखेच्या विद्यार्थ्यास मज्जाव करणारे असे तिच्या स्वरूपात काही नाही. राखीव शब्द थोडे आहेत, साधने विनामूल्य आहेत, दोषसूचनांची भाषा साचेबंद आहे. अडचण आहे ती समजले म्हणजे आले असे मानण्याची. ती ओलांडण्यास कालावधी लागतो, आणि तो किती हे प्रत्येकाच्या फुरसतीवर व चिकाटीवर अवलंबून असल्याने ठरावीक आठवड्यांत नोकरीचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींवर विसंबणे इष्ट नव्हे. भाषाविभागांनी आपल्या विद्यार्थ्यांस शब्दसूची, क्रमवारी, शुद्धलेखन-तपासणी अशी लहान कामे प्रोग्रॅमच्या रूपाने करावयास दिली, तर विषयाचा अभ्यास आणि उपजीविकेची तयारी ही दोन्ही एकाच श्रमात साधतील.