घोंगडीला शालीचे माप नको

हाताने विणलेल्या लोकरी वस्त्राचा विषय निघाला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काश्मीरची शाल उभी राहते. तिचे कौतुक रास्तच आहे. पण सांगलीलगतच्या माधवनगरहून पूर्वेकडे निघाले की काही तासांतच कवठेमहांकाळ, जत, आटपाडीचा माळ लागतो आणि त्याला लागून साताऱ्याचे माण-खटाव. या सगळ्या दुष्काळी पट्ट्यात लोकरीचे एक अस्सल हातविणीचे वस्त्र पिढ्यान् पिढ्या तयार होत आले आहे, ते म्हणजे घोंगडी. आज ती अखेरच्या घटका मोजते आहे. काळ बदलला, लोकांना मऊ पांघरूण हवे असते, असे त्याचे कारण सांगितले जाते. हे कारण अपुरे आहे. घोंगडीचे मोल आपण शालीच्या मापाने केले आणि तिच्या लोकरीला दाम दिला नाही, ही खरी कारणे आहेत.

घोंगडी हे दोन समाजांचे मिळून उभे राहिलेले काम आहे. मेंढ्या धनगरांच्या. दख्खनी जातीची ही काटक मेंढी थोड्या चाऱ्यावर आणि लांबच्या पायपिटीवर जगते. तिची लोकर जाडीभरडी, बहुतेक काळी किंवा करडी, आणि वर्षाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण किलो. कातरलेली लोकर पिंजायची आणि सूत कातायचे हे काम प्रामुख्याने धनगर स्त्रियांचे. ते सूत सनगर विणकराकडे जाते. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावून, कुंच्याने सारखी करून, ताण देऊन वाळवले जाते, कारण हे खरखरीत सूत खळीवाचून माग सोसत नाही. मग खड्ड्याच्या मागावर धोट्याने वीण चालते. काळा रंग मेंढीच्या अंगचाच असल्याने रंगाची भट्टी लागत नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची, घोंगडी मऊ आणि म्हणून मानाची. पावसात खोळ करून डोक्यावरून घ्यायची, रात्री माळावर अंथरायची आणि पांघरायची, देवकार्यात तिचेच आसन मांडायचे, अशा सगळ्या कामांना ही एकच वस्तू पुरते. धनगरांचे दैवत असलेल्या आरेवाडीच्या बिरोबाच्या भक्ताला तिची थोरवी सांगावी लागत नाही.

माधवनगर हे कापडाचे गाव आहे. कॉटन मिल आणि यंत्रमाग यांनीच त्याची ओळख घडवली. तेव्हा साहजिकच प्रश्न येतो, की घोंगडी यंत्रमागावर का घेत नाहीत? यंत्राला एकसारखे, ताण सोसणारे सूत लागते. दख्खनी लोकरीचे हातसूत कुठे जाड, कुठे बारीक, कुठे सैल पिळाचे असते. यंत्राच्या वेगात ते तुटते. ते यंत्रावर चढवायचे तर दुसरा धागा मिसळावा लागतो आणि मग घोंगडीची घोंगडी राहत नाही. गंमत म्हणजे काश्मीरचा पश्मिना नेमक्या उलट टोकाला आहे. लडाखच्या चांगथांग पठारावरच्या शेळीचा तो तंतू १२ ते १६ मायक्रॉन जाडीचा, इतका नाजूक की यंत्रावर कातताना त्याला अनेकदा नायलॉनचा आधार देतात आणि नंतर तो आधार आम्लाने विरघळवून काढतात. दख्खनी लोकर त्याच्या दुपटीहूनही जाड. एक तंतू अति कोवळा, दुसरा अति राकट, पण दोघांनाही माणसाचा हात लागतो. तेव्हा हातमाग ही इथे हौस किंवा जुन्याची ओढ नाही, ती कच्च्या मालाचीच गरज आहे. मग एकाच्या वाट्याला कलेचा मान आणि दुसऱ्याच्या वाट्याला गरिबाचे पांघरूण ही ओळख का?

घोंगडी टोचते, हा पहिला आक्षेप. टोचते, यात वाद नाही. पण ती उघड्या अंगावर मिरवायची वस्तू कधी नव्हतीच. ज्या राठपणामुळे ती टोचते, त्याच राठपणामुळे ती दगडधोंड्यांच्या जमिनीवर अंथरली तरी लवकर झिजत नाही, आणि दाट विणीमुळे पावसाची सर बराच वेळ बाहेरच थोपवते. ती मऊ करण्यासाठी परकी लोकर किंवा अ‍ॅक्रिलिक मिसळणे म्हणजे तिचा गुण काढून टाकून नाव तेवढे शिल्लक ठेवणे. दुसरा आक्षेप किमतीचा. पानिपतचे यंत्रावरचे ब्लँकेट कितीतरी स्वस्त पडते, हे खरे. परंतु त्या किमतीत मेंढपाळ नाही, सूत कातणारी बाई नाही आणि टिकाऊपणही नाही. शिवाय स्वस्ताईपुढे हातमागाने हार मानावी असे आपल्या कायद्यालाही वाटलेले नाही. हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा १९८५चा केंद्रीय कायदा आहे आणि त्याच्या यादीत शालीबरोबर कांबळही आहे. कायदा वस्तू राखतो, गिऱ्हाईक मात्र आणून देत नाही.

मोठी खोट मागाच्या अलीकडे, मेंढीपाशीच आहे. मटणाला भाव आहे, लोकरीला नाही. म्हणून जत भागातली उंचीपुरी, विरळ लोकरीची माडग्याळ मेंढी कळपांत वाढली. फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्णा’ घडवली, तीही मेंढपाळाचे उत्पन्न कोकरांमधून वाढावे म्हणून. ही दोन्ही पावले मेंढपाळाच्या हिताची आहेत, त्यांना दोष देता येणार नाही. टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या पाण्याने दुष्काळी शिवारात ऊस-द्राक्षे आली, हेही भल्याचेच. पण पडीक रान घटले आणि चराई आकसली. त्यात लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून कातरलेली लोकर अनेक ठिकाणी फेकून दिली जाते. कच्चा माल उकिरड्यावर जात असताना विणकराच्या प्रशिक्षणाची शिबिरे भरवून काय साधणार?

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. धनगर-सनगरांच्या मुलांनी शिकून पुढे जावे, की आपल्या वारसाप्रेमापायी मागावर अडकून पडावे? त्यांनी शिकावे, हेच उत्तर आहे. दुसऱ्याच्या गरिबीवर कला जगवण्याचा हक्क कुणालाही नाही. म्हणूनच घोंगडीचे जतन म्हणजे आधी मजुरीचा आणि लोकरीच्या भावाचा प्रश्न. काश्मीरकडून शिकायचे ते हेच. पश्मिन्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तंतू तपासून अस्सल मालावर खूण लावण्याची सोय झाली; खरे-खोटे वेगळे करता आले तरच हाताला जादा दाम मागता येतो. आपल्याकडे १९७८ पासून मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे आणि कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला व माणमध्ये दहिवडीला त्याची प्रक्षेत्रे आहेत. त्यांनी या पट्ट्यातली लोकर प्रतवारी लावून हमीभावाने घ्यावी आणि निव्वळ दख्खनी लोकरीच्या घोंगडीवर खूण द्यावी. राहिले गिऱ्हाईक. सांगली-साताऱ्यातल्या सभा-संमेलनांत शाल-श्रीफळ देण्याची रीत आहे आणि त्यातल्या बहुतेक शाली यंत्रावरच्या, कृत्रिम धाग्याच्या असतात. त्यांच्याऐवजी आपल्याच माळावरची घोंगडी पाहुण्याच्या खांद्यावर घालावी आणि तिचा पुरेपूर दाम विणकराच्या हाती द्यावा. येत्या सत्कारापासून ही सुरुवात करणे आयोजकांच्या हातात आहे.