पहिली बोट घेताय? आधी खाडीचे मुख ओळखा

नवी बोट पाण्यात उतरते. नारळ फुटतो, मशीनला हार पडतो, फोटो निघतात. दहा मिनिटांनी कोणाच्या तरी लक्षात येते की पाय ओले होत आहेत. तळाचे बूच लावायचेच राहिलेले असते! बोट जेट्टीला बांधलेली असेल तर हा प्रकार हसण्यावारी जातो. बोट खाडीच्या मध्यावर असेल आणि तीत घरची सहा माणसे असतील, तर जात नाही.

कोकणात आता बोट फक्त मच्छीमारांकडेच असते असे नाही. होम-स्टे चालवणारे, खाडीकाठी जागा घेतलेले चाकरमानी, पर्यटकांना फेरी मारून आणण्याचा जोडधंदा करू पाहणारे तरुण, सगळेच १८-२० फुटांची फायबरची होडी आणि मागे लावायचे आउटबोर्ड मशीन यांच्या किमती विचारत असतात. बोट विकत घेणे सोपे आहे. पण बोटीचा मालक झाला म्हणजे माणूस तांडेल झाला असे होत नाही, आणि विकणारा हे सांगत बसत नाही.

कागदाचे काम थोडक्यात

बोट कशासाठी वापरणार, यावर तिचे कागद ठरतात. मासेमारीची बोट असेल तर नोंदणी आणि परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडे. पर्यटक बसवायचे असतील तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. तिथे बोटीची तपासणी होते, माणसांची मर्यादा ठरते आणि चालवणाऱ्याचीही पात्रता पाहतात. गोव्यात हेच काम कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या पणजीतल्या कार्यालयाकडे आहे. खाडी-नदीतल्या यांत्रिक बोटींना अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो आणि त्यात नोंदणीबरोबर विमाही सक्तीचा आहे.

इथे एक चूक नेहमी होते. मासेमारीचा परवाना असलेल्या जुन्या होडीत ‘पाहुणे मंडळी’ म्हणून पर्यटक बसवले जातात. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. जुनी बोट घेत असाल तर नोंदणी तुमच्या नावावर होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. बोट पाण्यात तरंगते आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ती वर काढून तळ पाहा आणि मशीन बसते ती मागची फळी दाबून पाहा. फळी आतून कुजलेली असेल तर मशीनच्या धक्क्याने तीच आधी जाते.

धोका खोल समुद्रात नाही, दाराशी आहे

नवख्या माणसाला भीती वाटते ती दूरच्या समुद्राची. प्रत्यक्षात छोट्या होडीला सर्वांत वाईट जागा असते खाडी समुद्राला मिळते तिथली. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा पर्यटकांना ‘संगम’ म्हणून ठाऊक आहे. फोटोत ती सुंदर दिसते. अशा प्रत्येक मुखाशी पाण्याखाली वाळूचा उंचवटा साचतो आणि दर पावसाळ्यानंतर तो जागा बदलतो. म्हणजे गेल्या वर्षीची वाट यंदा चालेलच असे नाही.

ओहोटीला खाडीतले पाणी जोरात बाहेर धावते आणि समुद्राची लाट आत येत असते. दोन्ही समोरासमोर भिडतात. त्यातच वाळूमुळे पाणी उथळ असते, त्यामुळे लाट उभी राहते आणि फुटते. बाहेर लांबलचक, निरुपद्रवी वाटणारी तीच लाट मुखाशी भिंतीसारखी होते. अशा लाटेत होडी आडवी सापडली की उलटायला वेळ लागत नाही. गंमत म्हणजे सकाळी भरतीच्या पाण्यावर बाहेर पडताना इथे काहीच जाणवत नाही. म्हणून माणूस निर्धास्त होतो. परत यायची वेळ ओहोटीची निघते आणि सकाळचे ते शांत मुख ओळखू येत नाही.

म्हणून पहिला नियम: मुख ओलांडायचे ते भरतीच्या शेवटच्या टप्प्यात, पाणी स्थिरावत असताना. परतताना लाटा फुटताना दिसल्या तर बाहेरच थांबा, लाटांच्या दोन-तीन रांगा पुऱ्या बघा, स्थानिक होड्या कुठून आत जातात ते पाहा. शंका असेल तर तास-दोन तास समुद्रातच काढा. भूक लागेल, मुले कुरकुरतील; चालेल. बहुतेक नवखे इथेच फसतात, कारण घर समोर दिसत असते.

तिथीवरून भरती

भरती-ओहोटीचे ॲप प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू शकते आणि ते जरूर ठेवा. पण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेबही शिकून घ्या. तिथीला तीनने गुणायचे, चारने भागायचे; येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. हीच वेळ साधारण पहाटे किंवा सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. ठिकाणानुसार यात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा मुख ओलांडण्याची वेळ केवळ यावर ठरवू नका. मात्र हा हिशेब डोक्यात असला की मोबाइल बंद पडल्यावरही पाणी चढते आहे की उतरते आहे, हे कळते.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते: पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि म्हणून जोराने धावते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याचा ओढा कमी. पहिल्या सरावाच्या फेऱ्या भांगाच्या दिवसांत ठेवा. मुंबई-रायगडच्या खाड्यांमध्ये हा फरक फार मोठा असतो. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्याही वर जाते आणि सहा तासांत त्याच खाडीत चिखल उघडा पडतो. सिंधुदुर्गात चढ-उतार कमी आहे, पण अरुंद मुखाशी ओढा तिथेही कमी नसतो.

दुपारचा वारा

पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दिवस तापला की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. हिवाळ्यापासून मेपर्यंत दुपारनंतर वायव्येचा वारा चांगलाच जोर धरतो. सकाळी आठला आरशासारखे असलेले पाणी तीन वाजता फेसाळलेले असते. पहिल्या हंगामात सकाळी निघा आणि जेवणाआधी परत या. हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चा लाटांचा अंदाज रोज मोफत मिळतो. इशारा असेल त्या दिवशी बोट काढायची नाही. आदल्या दिवशी आगाऊ बुकिंग घेतलेल्याला हे सांगणे जड जाते. पण मालक म्हणून तुमचे खरे काम तेच आहे.

पावसाळ्याचा प्रश्नच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. पर्यटनाच्या फेऱ्याही मेच्या अखेरीला थांबतात. या शेवटच्या दिवसांत ‘आणखी एक फेरी’ मारण्याचा मोह मोठा असतो आणि समुद्र तेव्हा बदलू लागलेला असतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, ते याच दिवसांत.

‘तो बघा डॉल्फिन!’

या हाकेने होड्या कलंडतात. एका बाजूला डॉल्फिन दिसला की सगळे उठतात आणि त्याच बाजूला जातात. सहा माणसे म्हणजे साधारण साडेचारशे किलो वजन, आणि उभे राहिल्यामुळे ते वर गेलेले. निघण्यापूर्वीच सांगा: बोट चालू असताना कोणी उठायचे नाही, पाहायचे ते बसून. तांडेलाने आवाज चढवला तर पाहुण्यांना राग येतो, येऊ द्या.

बोटीवर लिहिलेली माणसांची मर्यादा शांत पाण्यासाठीची आहे असे समजा आणि समुद्रात जाताना एक-दोन कमीच घ्या. बर्फाची पेटी, पेट्रोलचे कॅन, नांगर हे सगळे वजनच आहे. पहिले दोन-तीन आठवडे तर पाहुणे नकोतच. एखाद्या जाणत्या तांडेलाला रोजावर सोबत घ्या आणि रिकाम्या बोटीने वळणे, थांबणे, जेट्टीला लावणे, वाऱ्यात नांगर टाकणे हेच करत राहा. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावा लागतो आणि तो नेहमी बोटीच्या पुढच्या टोकाला बांधायचा. मागे बांधला तर मशीनच्या वजनाने आधीच खाली असलेल्या बाजूवरून लाट आत येते.

ती लाल दोरी

आउटबोर्ड मशीनसोबत एक लाल गुंडाळीची दोरी येते. तिचे एक टोक मशीनच्या स्विचला, दुसरे चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि मशीन बंद होते. बहुतेक होड्यांवर ही दोरी स्विचलाच गुंडाळून ठेवलेली दिसते. ती न बांधता माणूस पडला तर रिकामी बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येते आणि तिचा पंखा चालू असतो. शंभर रुपयांच्या वस्तूंमध्ये इतकी कामाची दुसरी नसेल.

पेट्रोलचा हिशेब तिसऱ्या हिश्शाचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायचा. सुटी टाकी जमिनीवर उतरवून भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते. मशीन सुरू झाले की मागून पाण्याची बारीक धार पडते का ते पाहा. धार नसेल तर मशीन थंड होत नाही, लगेच बंद करा. आणि वल्ही बोटीत असू द्या. मशीन बंद पडते तेव्हा त्यांची आठवण होते.

जॅकेट अंगात हवे

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. पंधरा जणांचा बळी गेला. अनेक प्रवाशांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. पाण्यात पडल्यावर जॅकेट शोधून, गाठी सोडवून घालणे जमत नाही. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातले तर मूल खाली सरकते आणि जॅकेट वर राहते. मुलांसाठी त्यांच्याच मापाचे घ्या. नवे जॅकेट एकदा कमरेइतक्या पाण्यात घालून तरंगून पाहा. तुम्ही स्वतः आधी घाला. मालकाच्या अंगात नसेल तर पाहुणे घालत नाहीत.

बोट उलटलीच तर तिला धरून राहा. किनारा जवळ वाटतो, पोहत जाऊ असे वाटते आणि चांगले पोहणारेच आधी निघतात. ओढ्याविरुद्ध पोहून माणूस दमतो. उलटी होडी मात्र बहुधा तरंगत राहते आणि शोधणाऱ्याला एकट्या डोक्यापेक्षा होडी कितीतरी लवकर दिसते.

घरी एक चिठ्ठी

मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोडे दूर गेले की डळमळते. समुद्रात जाणारच असाल तर व्हीएचएफ संच घ्या. संकटाची हाक १६ नंबरच्या चॅनेलवर द्यायची असते. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, आणि ११२ आहेच. मोबाइल प्लास्टिकच्या बंद पाकिटात ठेवा, शिट्टी जॅकेटला बांधा.

हे सगळे क्रमांक बोटीत असून भागत नाही, ते घरी असलेल्या माणसाकडे हवेत. निघताना एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा: बोटीत कोण कोण, कुठे जाणार, किती वाजता परत. आणि खाली एक ओळ: ‘साडेअकरापर्यंत फोन आला नाही, तर वाट न बघता १०९३ लावणे.’ परत आल्यावर फोन करायला मात्र विसरू नका.