लॉगर दोषी ठरविण्यापूर्वी लूपबॅक चाचणी
स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदी संगणकावर येईनाशा झाल्या की अनेकदा डेटा लॉगरच दुरुस्तीस पाठविला जातो आणि ऐन हंगामातील पर्जन्यनोंद खंडित होते. त्यापूर्वी लूपबॅक चाचणी करावी.

लॉगरची केबल सोडवून संगणकाच्या ९ पिनी आरएस-२३२ पोर्टच्या २ व ३ क्रमांकाच्या पिना तारेने जोडाव्यात. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये लोकल एको व फ्लो कंट्रोल बंद ठेवून अक्षरे टंकावीत. ती पडद्यावर उमटली आणि तार काढताच उमटेनाशी झाली, तर पोर्ट सुस्थितीत आहे. नंतर पोर्टला केबल जोडून तिच्या दुसऱ्या टोकाशी हीच चाचणी करावी. तेथेही अक्षरे परतल्यास, या चाचणीत न कळणारी बॉड गतीची जुळणी पडताळावी. लॉगर त्यानंतरच हलवावा.