पीडकनियंत्रण व्यवसाय

राहती घरे, उपाहारगृहे, रुग्णालये, गुदामे, जहाजे इ. ठिकाणी उपद्रव देणाऱ्या कीटकांचा व उंदीर-घुशींसारख्या कृंतक प्राण्यांचा मोबदला घेऊन बंदोबस्त करण्याचा व्यवसाय. व्यवहारात तो ‘पेस्ट कंट्रोल’ या इंग्रजी नावानेच ओळखला जातो. झुरळे, ढेकूण, मुंग्या, डास, वाळवी, धान्यातील सोंडे व उंदीर ही या व्यवसायाची नेहमीची लक्ष्ये होत.

भारतात हे काम प्रथम नगरपालिकांकडे होते. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ उद्भवली. उंदरांवरील पिसवांमार्फत रोग माणसाकडे येतो हे पुढील दशकात सिद्ध झाल्यावर मूषकनाश हे नगरपालिकेचे नित्याचे कर्तव्य ठरले. मुंबई महानगरपालिकेच्या कीटकनाशक खात्यातील रात्रपाळीचे मूषक संहारक हा त्याच परंपरेचा भाग होय. खाजगी व्यवसाय मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर, डीडीटी व तत्सम संश्लेषित कीटकनाशके उपलब्ध झाल्यावर वाढला.

कायदा व परवाना : १९५८ साली केरळ व मद्रास राज्यांत पॅराथिऑन हे अतिविषारी कीटकनाशक वाहतुकीत खाद्यपदार्थांत मिसळले जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. या घटनेची चौकशी न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या आयोगाने केली. पुढे कीटकनाशक अधिनियम, १९६८ संमत झाला व कीटकनाशक नियम १९७१ मध्ये आले. मूळ अधिनियमाचा रोख उत्पादन व विक्री यांवर होता. व्यापारी पीडकनियंत्रण १९७७ च्या दुरुस्तीने त्याच्या कक्षेत आले. घर, सार्वजनिक वा खाजगी जागा किंवा जमीन येथे व्यापारी हेतूने कीटकनाशकाचा वा धुरीद्रव्याचा केलेला कोणताही वापर, मग तो शेतातील वा विमानातून केलेला असो, या व्याख्येत बसतो. मात्र खाजगी वापर तीतून वगळला आहे. म्हणजे गृहस्थाने स्वतःच्या स्वयंपाकघरात औषध मारण्यास परवाना लागत नाही. तेच काम पैसे घेऊन शेजाऱ्याच्या घरी केल्यास लागतो.

परवाना राज्याच्या कृषि खात्यातील परवाना अधिकारी देतो. शहरातील झुरळांशी कृषि खात्याचा काय संबंध, असा प्रश्न नवख्याला पडतो. कायदा पिकाचा वा घराचा विचार न करता द्रव्याचा विचार करतो, हे त्याचे उत्तर होय. अर्जदार कृषि विषयाचा किंवा रसायनशास्त्र हा विषय घेतलेला विज्ञान पदवीधर असावा लागतो. शिवाय त्याने म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रविद्या संशोधन संस्था, हापूर येथील धान्य साठवण संस्था किंवा हैदराबाद येथील राष्ट्रीय वनस्पती आरोग्य संस्था यांसारख्या विहित संस्थेत किमान १५ दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. परवाना नाकारल्यास अपिलाची सोय आहे. यांखेरीज दुकाने व आस्थापना अधिनियमाखालील सोपस्कार आणि वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी, या गोष्टी अन्य सेवाव्यवसायांप्रमाणेच आहेत.

केंद्रीय नोंदणी समितीने नोंदलेली द्रव्ये व तीही लेबलावर नमूद केलेल्या कामासाठीच वापरता येतात. डब्यावरील तिरप्या चौकोनातील रंगावरून विषारीपणाची प्रत कळते : तांबडा (अत्यंत विषारी), पिवळा, निळा व हिरवा, असा तो उतरता क्रम आहे. मंजूर द्रव्यांची यादी बदलत असते, हे व्यावसायिकाने ध्यानी ठेवावे लागते. वाळवीसाठी एके काळी सर्रास वापरले जाणारे आल्ड्रिन बंद झाले. घरगुती फवारणीत लोकप्रिय असलेल्या डायक्लोरव्हॉसवर २०१८ च्या आदेशान्वये २०२० अखेरपासून बंदी आली.

कामाचे स्वरूप : झुरळांच्या बंदोबस्तात फवाऱ्याची जागा आता बहुतांशी विषारी आमिषाच्या लगद्याने घेतली आहे. इमिडाक्लोप्रिड (२·१५%) किंवा फिप्रोनिल (०·०५%) असलेल्या या लगद्याचे ठिपके बिजागऱ्या, फटी व ओट्याखालील कोपरे येथे लावतात. भांडीकुंडी हलवावी लागत नाहीत व वासही येत नाही. जर्मन झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पिले बाहेर पडण्याच्या सुमारापर्यंत अंगावरच वागवते. पिशवीतील अंड्यांवर फवाऱ्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे पहिल्या भेटीनंतर काही आठवड्यांनी दुसरी भेट आवश्यक असते. वार्षिक कराराची पद्धत याच कारणाने रूढ झाली. तिच्यामागे केवळ व्यापारी हिशेब आहे असे समजणे बरोबर नाही. उंदरांसाठी ब्रोमाडायोलोनच्या (०·००५%) वड्या ठेवतात. या द्रव्याने रक्त गोठण्याची क्रिया मंदावते व उंदीर काही दिवसांनी मरतो, म्हणून त्याला आमिषाचा संशय येत नाही.

वाळवीप्रतिबंध हे या व्यवसायातील सर्वांत मोठ्या रकमेचे आणि फसवणुकीस सर्वाधिक वाव असलेले काम आहे. भारतीय मानक ६३१३ प्रमाणे बांधकामाच्या वेळी जोत्याच्या पृष्ठभागावर दर चौ. मी.ला ५ लि. पायस द्यावे लागते. क्लोरपायरिफॉसचे (२०%) १ लि. द्रव १९ लि. पाण्यात मिसळून १% पायस होते. म्हणजे ५० चौ. मी. जोत्यास २५० लि. पायस व त्यासाठी १२·५ लि. मूळ द्रव हवा. बांधलेल्या घरात भिंत व जमीन यांच्या सांध्यात ३० सेंमी. अंतरावर १२ मिमी. व्यासाची छिद्रे पाडून प्रत्येकात १ लि. पायस सोडतात. चार मी. लांब व तीन मी. रुंद खोलीस अशी सु. ४७ छिद्रे पडतात व जवळजवळ अडीच लि. मूळ द्रव लागतो. एवढ्या कामासाठी अर्ध्या लिटरची बाटली घेऊन येणारा कारागीर काय करून जाणार, हे उघड आहे. मातीत गेलेले औषध मागाहून मोजता येत नाही. म्हणून मोहोरबंद डबे आपल्यासमोर उघडावयास लावणे हाच घरमालकाचा खरा बचाव ठरतो.

धुरीकरण : धान्याच्या गुदामात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. ३ ग्रॅ. वजनाची गोळी हवेतील बाष्पाशी संयोग पावून १ ग्रॅ. फॉस्फीन वायू देते. वनस्पतिसंरक्षण सल्लागाराने ज्यांचे प्राविण्य मान्य केले आहे अशा तज्ञांच्या देखरेखीखालीच परवानाधारकांनी हे काम करावे, असे बंधन आहे. ताडपत्रीखाली हवाबंद ठेवलेल्या थप्पीत हा वायू अत्यंत उपयुक्त असतो. राहत्या इमारतीत तो प्राणघातक ठरतो. ढेकणांच्या बंदोबस्तासाठी किंवा कोठीतील धान्यासाठी या गोळ्या घरात ठेवल्याने लहान मुलांसह माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. बंद केलेल्या घरातून वायू भिंतीतील फटी, नळांच्या वाटा व वातायनाची पोकळी यांवाटे शेजारच्या बिऱ्हाडात शिरतो. डोकेदुखी, मळमळ, वांती ही लक्षणे अन्नविषबाधेसारखी असल्याने उपचारात मोलाचा वेळ जातो. शिवाय फॉस्फीनवर खास उतारा नाही. घरात या गोळ्या ठेवण्याची सूचना करणारा माणूस स्वस्तात काम करीत असला, तरी त्याला दारातूनच परत पाठवावे.

कामगारांची सुरक्षितता : नियमांनुसार कामगारांना संरक्षक कपडे, हातमोजे व श्वसनयंत्रे पुरविणे, प्रथमोपचाराची सोय ठेवणे आणि त्यांना प्रशिक्षण देणे ही मालकाची जबाबदारी आहे. नोकरीवर घेण्यापूर्वी व नंतर ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी करावी लागते. ऑर्गॅनोफॉस्फरस व कार्बामेट वर्गांतील द्रव्ये हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज या एंझाइमाची पातळीही पाहिली जाते. बाह्य लक्षणे दिसण्यापूर्वीच ती खाली येते. छोट्या व्यवसायांत, विशेषतः रोजंदारीच्या माणसांबाबत, या तरतुदी अनेकदा कागदावरच राहतात. पंधरवड्याचे प्रशिक्षण परवानाधारकाने घेतलेले असते. पंप पाठीवर घेणारा मात्र दुसराच असतो. रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत असा नियम आहे, तथापि ते धुऊन पाण्यासाठी वापरण्याची घातक सवय आढळते.