सावली का सरकते? : घरच्या लहान मुलांसाठी अंगणातला पाठ



या पानावर आम्ही एरवी बेण्याची निवड, लागणीचे अंतर, खतांचे हप्ते यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा निराळा आहे, पण शेतापासून दूरचा नाही. घरातली चार ते आठ वर्षांची पोरं आपल्याबरोबर बांधावर येतात, पाटात खेळतात आणि प्रश्न विचारून भंडावून सोडतात. "आबा, माझी सावली माझ्या मागनं का येतीया?" हा त्यातलाच एक. आपण कामाच्या घाईत असतो. "गप बस, दारं धरू दे," एवढ्यावर विषय संपतो.

पण असे चार-सहा प्रश्न दडपले की पोरगं विचारायचं थांबतं. तेच पोरगं उद्या शेत पाहणार आहे. शेजाऱ्याने टाकले म्हणून खत टाकायचे, की स्वतः पाहून, मोजून ठरवायचे, ही सवय विसाव्या वर्षी लावून लागत नाही. ती पाचव्या वर्षी अंगणात लागते. त्यासाठी पुस्तक लागत नाही की पैसा लागत नाही. एक काठी, थोडे खडे आणि ऊन एवढे पुरते.

मुलांना काय वाटते?

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी लहान मुलांना सावलीविषयी खोदून खोदून विचारले आणि त्याची हकिकत १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिली. लहान मुले सावलीला एक वस्तूच समजतात, ती अंगातून बाहेर पडते असे मानतात, हे त्यांना आढळले. आपल्याकडची पोरंही सावलीवर पाय देऊन तिला पकडू पाहतातच. म्हणून "चुकलास" असे म्हणू नये. "बरं, मग रात्री ती कुठं जाते रे?" असे उलट विचारावे. आधी मुलाला अंदाज सांगू द्यावा, मग दाखवावे. सगळा पाठ या एका गोष्टीत आहे.

पहिला पाठ : रात्री घरात (वय ४ ते ५)

दिवा मालवून मोबाईलची बॅटरी लावा. भिंतीसमोर मुलाचा हात धरा. हात बॅटरीजवळ नेला की सावली मोठी होते, भिंतीजवळ नेला की लहान होते. बॅटरी बंद केली की सावली नाही. हात काढला तरी नाही. म्हणजे सावलीला तीन गोष्टी लागतात : उजेड, आडवी आलेली वस्तू आणि जिच्यावर सावली पडते ती भिंत वा जमीन. उजेड सरळ रेषेत जातो, हाताला वळसा घालत नाही. जिथे तो पोचत नाही तिथे सावली. हे आपण सांगण्याआधी पोरगं स्वतःच म्हणेल, थोडी वाट बघा.

दुसरा पाठ : अंगणातली काठी (वय ५ ते ७)

मोकळ्या अंगणात तीन फूट उंच काठी उभी रोवा. दोऱ्याला दगड बांधून ती ओळंब्यात आहे का ते मुलाकडूनच तपासून घ्या. सकाळी आठला सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायला लावा. "दहा वाजता टोक कुठं असेल?" असे विचारून त्या जागी काडी ठेवून घ्या. दहा वाजता खरी सावली बघा. असे दर दोन तासांनी चारपर्यंत करा. सकाळी पश्चिमेकडे लांब पडलेली सावली दुपारी आखूड होते आणि मग पूर्वेकडे लांबते, हे खड्यांची ओळच सांगते.

एक गंमत ध्यानात ठेवा. सर्वांत आखूड सावली बरोबर बाराला मिळत नाही. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेले आहे. कोल्हापूर-सांगली भाग त्याच्या बराच पश्चिमेला असल्याने इथे सूर्य साधारण साडेबाराच्या सुमारास माथ्याशी येतो.

तिसरा पाठ : फिरते कोण? (वय ७ ते ८)

मोसंब्यात एक काडी खोचा आणि अंधाऱ्या खोलीत बॅटरीसमोर ते हळूहळू फिरवा. बॅटरी जागची हलत नाही, तरी काडीची सावली लांबते, आखडते, पुन्हा लांबते. पृथ्वी अशीच पश्चिमेकडून पूर्वेकडे, तासाला १५ अंश फिरते. लहानग्यांना हे सांगण्याची घाई नको. आधी अंगणातले खडे त्यांच्या डोळ्यांत बसू द्या.

वर्षभराची नोंद

हीच काठी वर्षभर ठेवली तर आणखी नवल दिसते. कोल्हापूर भागात २२ डिसेंबरला भर दुपारी तीन फुटी काठीची सावली उत्तरेकडे सुमारे अडीच फूट पडते. २१ जूनला ती अवघी चार-साडेचार इंच आणि तीही दक्षिणेकडे! मधे ६-७ मेच्या सुमारास एक दिवस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तसाच दिवस येतो, पण बहुधा ढगात जातो.

हे ज्ञान परके नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त सावलीच्या गणितावर स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे अशा उभ्या काठीला शंकू म्हटले आहे.

शेतातला हिशेब

काठीची सावली काठीएवढी होते त्या वेळी झाडाची सावलीही झाडाएवढी असते. ती फुटांत मोजली की वर न चढता उंची कळली. दक्षिण बांधावरच्या तीस फुटी झाडाची सावली डिसेंबरात भर दुपारीही पंचवीस फूट आत शेतात येते. सुरू लागण याच दिवसांत होते आणि सावलीत उसाला फुटवा कमी येतो. त्या पट्ट्यातला ऊस बारीक का, हे तुमचे आठ वर्षांचे पोरगं तुम्हाला दाखवून देईल.

एक सक्त सूचना : मुलांना सूर्याकडे थेट बघू देऊ नये. ग्रहणात काजळी धरलेली काच किंवा एक्स-रे फिल्म यांच्या भरवशावर तर मुळीच नको. डोळ्याला कायमची इजा होते. सूर्याकडे पाठ करायची आणि सावली बघायची, हा नियम घालून द्यावा.

शेवटी एक विनंती. गळीत हंगामात ऊसतोड टोळ्यांबरोबर बीडकडची लहान पोरंही येतात. त्यांची गावची शाळा मागे राहिलेली असते. आपल्या फडावर काठी रोवाल तेव्हा कोपीतल्या पोरांनाही हाक मारा. ऊन सगळ्यांना सारखेच पडते, आणि एक खडा त्यांच्या हातून ठेवायला आपले काही खर्च होत नाही.

येत्या रविवारी, आकाश निरभ्र असेल तर, अंगणात काठी रोवाच. उत्तर मात्र आधी सांगू नका.